खुडलेला हरभरा

८ नोव्हेंबर १९४५
आज लिहू, उद्या लिहू करत आठवडा घालवला. उंब्रजच्या हॉटेलातलं काम सोडून निघालो होतो विट्याला, पण लॉरी पुढं आटपाडीला जाते कळल्यावर बसूनच राहिलो. इथं माळावर आकाराम सुभेदारांनी मला राखणीला ठेवलंय. राखण मात्र उलटी. विहिरीजवळच्या तुकड्यात हुलगा, मटकी, शाळू आणि मधोमध हरभरा, सगळं रानातल्या जितराबासाठी. कुंपण नाही, बुजगावणं नाही. मी दगडी डोण्या पाण्यानं भरायच्या आणि कुणाला शिकार करू द्यायची नाही. सुभेदार म्हणाले, राखणदार झोपाळू असलेला बरा, हरणं बुजत न्हाईत. मग माझ्यासारखा दुसरा मिळायचा नाही! सकाळी काळविटांचा कळप आला. नराची शिंगं पिळलेली, पाठ शाईसारखी. चंडोल ऐकत बसलो आणि डोण्या भरायच्याच राहिल्या.

१२ नोव्हेंबर
भाकरी थापता थापता सुभेदारांच्या बायकोनं, सुलाबाईंनी सांगितलं. त्यांचा एकुलता अर्जुना पलटणीबरोबर सिंगापूरला गेला, जपान्यांच्या हाती लागला. पुढं कुणी शिपाई सांगून गेला की तो संपला. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. सुभेदारांनी हात जोडून नाही नाही ते कबूल केलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ते सुलाबाईंच्या मनाला लागून राहिलं. पोर उपाशी गेलं म्हणतात. तेव्हापासून हा तुकडा. हरभऱ्याची भाजी त्याला लय आवडायची. कंच्या पाखराच्या, जनावराच्या तोंडानं येऊन खाईल काय सांगावं बाबा, म्हणून समद्यांसाठी पेरतो, म्हणाल्या. तव्यावरची भाकरी करपली. मी तशीच खाल्ली.

१७ नोव्हेंबर
कडेचा हरभरा हरणांनी ओरबाडलाय. पण मधल्या वाफ्यातले शेंडे नखानं खुडलेत, बायका भाजीला खुडतात तसे, एकसारखे. सुभेदारांना विचारलं, तर म्हणाले, त्यात आमी पाऊल टाकत न्हाई. मी उगाच शहाणपणानं सुलाबाईंना जाऊन सांगितलं. त्या आधी रडल्या, मग हसल्या. आता रोज दुपारी बांधावर ताट ठेवतात.

२१ नोव्हेंबर
पाखरं येईनाशी झालीत. डोण्यांतलं पाणी तसंच. हरणं लांब माळावर उभी राहतात, माना मधल्या वाफ्याकडं, एकही पुढं सरकत नाही. ताट मात्र लख्ख पुसलेलं असतं. सुभेदार म्हणतात, कुत्रं खात असंल. कुत्रं तर चुलीमागनं हलत नाही.

२४ नोव्हेंबर
ऊन उतरताना पाहिलं. वारा नव्हता आणि हरभरा हलत होता. कुणीतरी उकिडवं बसलेलं, पाठ माझ्याकडं. हात भराभर चाललेला. बोटं — माणसाची एवढी लांब —
सुलाबाईंनी बांधावरून हाक मारली, अर्जुना. त्यानं आई म्हटलं. पण आवाज सुलाबाईंचाच. त्यांचाच गळा त्यांना परत —
त्यांना ते कळलं नाही. का कळूनही —

२५ नोव्हेंबर
सुभेदारांच्या पाया पडलो, म्हटलं आवं, तो तुमचा पोर नव्हे. सुभेदार म्हणाले, मलाबी दिसतंय, गड्या. पण तीन वर्सांनी ती काल पोटभर जेवली. तू काय बोलू नगंस.
गठुडं बांधलंय. पाय निघत नाही. सुलाबाईंना एकटं टाकून —

२६ नोव्हेंबर
त्याला आज घरी आणणार. न्हाणीत पाणी तापतंय. नवं धोतर काढून ठेवलंय. दोघंही रानात गेलीत. हरणं कालपासून माळावरही नाहीत.
ओसरीवर बसून लिहितोय. हात थांबला की —
परसात पावलं. सुलाबाई बोलतायत. कुणीतरी त्यांच्याच आवाजात —
पुढच्या दारात कोण आलंय. शिपाई. हाडं वर आलेली, पाठीवर पिशवी. दाराला धरून उभा आहे. म्हणतोय, मी सुभेदारांचा अर्जुना, सिंगापुरास्नं सुटून आलो. पत्र पोचलं न्हाई का विचारतोय. आईला सांग म्हणतोय —
मागच्या दाराची कडी —