सालीशिवाय

१७ डिसेंबर १९७८

— आणि गुठळ्या झाल्या! दूध उकळत होतं, कॉर्नफ्लॉवर तसंच वरून टाकलं. ढवळत राहिले. फुटेनात. चमच्याखालून सटकत होत्या. बाहेरून काळ्या, आत पांढरं कोरडं पीठ.

माय दारात उभी राहून बघत होती.

"काय करायलीस? शाई?"

"पुडिंग."

"खायचं हाय?"

"हो."

"मग काळं कामून?"

चॉकलेटचं आहे म्हणून, म्हटलं. कोकोचा डबा परभणीहून आणला. तिनं डब्यात बोट बुडवून चाटलं. तोंड वाकडं केलं. "कडू हाय की गं. परभणीला जाऊन कडू आणलीस!"

सगळं उकिरड्यावर गेलं. पातेलं दोनदा घासलं. पुढच्या रविवारी पुन्हा.

१८ डिसेंबर

कशासाठी हे सगळं, ते लिहून ठेवते.

शुक्रवारी यादी फिरली. आमच्या मुख्याध्यापिका कस्तुराबाई या महिन्यात निवृत्त होतात. निरोपाचा कार्यक्रम सत्तावीसला. गुरुवार नको — मार्गशीर्षातला शेवटचा, बायकांचे उपास. म्हणून बुधवार. शाळेत असा कार्यक्रम असला की प्रत्येकानं घरून एक जिन्नस आणायचा. यादी कस्तुराबाईच लिहितात, त्यांच्या निरोपाचीही त्यांनीच लिहिली. पार्वतीबाई — चिवडा. दत्तराव — जिलेबी. सत्यशीला — केळी, दोन डझन.

सात वर्षं केळी. स्वातंत्र्यदिनाला केळी, गॅदरिंगला केळी, इन्स्पेक्टर आले तरी केळी.

कारण सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते कुणी बोलत नाही. केळ्याला साल असते. बौद्धाच्या घरचा हात सालीला लागतो. साल फेकली की आतलं चोख! माझ्या स्वयंपाकघरातलं शिजलेलं काहीही त्या टेबलावर आजवर आलेलं नाही.

यादी माझ्याकडे आली. मी 'केळी' खोडलं. 'पुडिंग' लिहिलं. सही केली.

१९ डिसेंबर

पार्वतीबाई शिवण शिकवतात. आज मधल्या सुट्टीत जवळ येऊन बसल्या. दोन खुर्च्या सोडून, म्हणजे त्यांच्या हिशेबानं जवळ.

"केळीच बरी होती गं. सोपी. तुलाबी ताप नाही, कुणालाच ताप नाही."

"मला ताप नाही."

"त्यात अंडं असतंय म्हणे."

दत्तराव गणिताचे. वहीवरून मान न उचलता म्हणाले, "इंग्रजी पदार्थ. साय, लोणी. जड. आमच्या पोटाला झेपायचं न्हाई ब्वा."

कस्तुराबाईंनी यादी परत घेतली, खोडलेल्या जागेकडे पाहिलं. "मला डॉक्टरनं साय आणि लोणी बंद केलंय, सत्यशीला." एवढंच. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं होतं.

२० डिसेंबर

चालेल. अंडं नाही, साय नाही, लोणी नाही. बघू मग काय उरतं.

२१ डिसेंबर

कृती एका मासिकातून उतरवून घेतली होती. तीन अंडी, पाव शेर साय, लोण्याचा गोळा, वर पुन्हा साय फेटून. चांगला मजकूर, पण फुगलेला. एम.ए.ला असताना सर माझ्या निबंधावर लाल रेघा मारायचे — हे काढ, हे काढ, आता वाच. तशीच ही कृती घेऊन बसले. अंडी काढली, कॉर्नफ्लॉवरनं घट्टपणा येतो. साय काढली. लोणी काढलं. साखर निम्मी, बाकीचा गोडवा केळ्याचा. उरलं ते असं : तळाला ग्लुकोजची बिस्किटं, त्यावर केळ्याच्या चकत्या, त्यावर चॉकलेटचा थर. पुन्हा बिस्किटं, पुन्हा केळी, पुन्हा थर.

केळी आहेतच त्यात! यादीतली दोन डझन नसतील, पण केळी आहेत. साल तेवढी नाही.

एकेक सबब पातेल्याबाहेर काढली. आता नाही म्हणायचं तर खरं कारण सांगावं लागेल. माझ्या तोंडावर. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

एक सबब मात्र राहते. "घरी नेऊन खाते." दोन वर्षांपूर्वी मी नोकरीत कायम झाले तेव्हा कस्तुराबाईंना पेढे दिले. "घरी निवांत खाते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शिपाई मुंजाजी मला सांगत आला — "बाईंची गाय काल पेढे खाऊन लय खूश झाली." तो हसत होता. मीही हसले.

२२ डिसेंबर

कपाबद्दल कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

स्टाफरूममध्ये आम्ही सात. फळीवर निळ्या काठाचे सहा कप. सातवा, पांढरा, खिडकीत. तो माझा. सहा कप मुंजाजी धुतो. सातवा मी धुते. कुणी कधी सांगितलं नाही. मी रुजू झाले त्या दिवशी तो खिडकीत होता, एवढंच.

ऑगस्टात विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्ह्यात आमच्या लोकांवर जे गुदरलं त्याबद्दल या खोलीत एक वाक्य निघालं नाही. चहा मात्र वेळेवर येत राहिला. खिडकीतल्या कपातही.

२४ डिसेंबर

जमलं!

कोको, कॉर्नफ्लॉवर आणि साखर आधी थंड दुधात कालवली, मग ती पेज उकळत्या दुधात धारेनं सोडली. दूध काल तीनदा तापवून, निववून, तीनदा साय काढलेलं. स्टोव्ह बारीक. हात थांबवला नाही. एकाएकी चमचा जड झाला आणि पातेल्यात चकाकी आली. गुठळी एकही नाही.

ताडकळसच्या बाजारातून केळी आणली, वसमतकडची. चकत्या काळ्या पडतात म्हणून वरून लिंबू शिंपडलं. वाटीतच थर लावले. परातीत गार पाणी, त्यात वाटी, वर ओलं फडकं. दोन तासांत घट्ट बसलं.

मायनं खाल्लं. डोळे मिटून खाल्लं. "लय हलकं हाय गं. पोटात गेल्यालं बी कळंना." शेजारच्या पंचफुलाबाईंना हाक मारली, त्यांनी उरलेलं चाटूनपुसून संपवलं. म्हणाल्या, "लगीन हाय का कुणाचं?"

त्या गेल्यावर माय म्हणाली, "त्यायनी न्हाई खाल्लं तर?"

"तर नाही खाल्लं."

"केळं घेतेत ना तुझ्या हातचं? मग दे की केळं. तुझं काय जायलंय?"

तिनंच पुढं सांगितलं — लहानपणी तिला पाणी वरून ओंजळीत वाढायचे. "तू खुर्चीवर बसतीस. मला तेवढं बी लय वाटतंय." तिचं खरं आहे. पण मला तिच्या खऱ्यावर थांबायचं नाही.

२५ डिसेंबर

सुट्टी. घरात बसून एक गोष्ट आठवली. सात वर्षं ती टाळत होते.

पहिल्या वर्षी यादी फिरली तेव्हा माझ्या नावापुढची जागा कोरी होती. कस्तुराबाईंनी विचारलं, "तू काय आणतेस?" साधं विचारलं. खोलीत सगळे एकदम आपापल्या वहीत बघायला लागले. आणि कुणी काही बोलायच्या आत मी म्हणाले —

"केळी आणते."

मी! मीच! त्यांना अवघड होऊ नये म्हणून. मला अवघड होऊ नये म्हणून. साल मीच शोधून काढली. त्यांनी फक्त दर वर्षी यादी उतरवली. कस्तुराबाईंचा चेहरा तेव्हा सैल झाला होता. मला वाटलं होतं, मी हुशारी केली.

म्हणजे परवाचं पुडिंग फक्त त्यांच्याविरुद्ध नाही. तेवीस वर्षांच्या त्या पोरीविरुद्धही आहे. तिला माफी नाही.

२६ डिसेंबर

दूध आलं. साय काढणं चालू. काचेचं भांडं धुऊन उन्हात ठेवलं — कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेलं, आजवर वापरलंच नव्हतं. काच आहे, थर बाहेरून दिसतील.

बिस्किटं मायनंच मांडली. एकाला एक चिकटून, भिंत लिंपावी तशी.

२७ डिसेंबर

संध्याकाळ. सावकाश लिहिते.

भांडं उघडं हातात धरून भर रस्त्यानं शाळेत नेलं. फडकं टाकलं नाही. शाल झाली, नारळ झाला, दत्तरावांचं भाषण झालं — त्यात 'कुटुंब' चारदा आलं. मग बशा. मी सात वाट्या भरल्या, टेबलावर ओळीनं मांडल्या. थर न मोडता वाढता आले. सुंदर दिसत होतं. खोटं कशाला बोलू.

चिवडा संपला. जिलेबी संपली. वाट्या तशाच.

दत्तराव म्हणाले, "दाताला गार चालत न्हाई मला."

"गार नाही. वाटीला हात लावून बघा."

त्यांचा हात खिशात गेला.

पार्वतीबाई : "अंडं..."

"नाही."

"साय..."

"तीनदा काढली."

"अगं, उद्या गुरुवार हाय ना."

"उद्या."

"हो, पण आजपासूनच जरा..." तोंडात चिवडा होता त्यांच्या! शेंगदाणा दिसत होता.

मागं कुणीतरी हसलं. हसू लगेच विझलं. आणि मग सगळे कस्तुराबाईंकडे बघायला लागले. मीही.

त्यांनी वाटी उचलली. खरंच उचलली. थर बघितले. चमचा हातात घेतला. मग म्हणाल्या, "सत्यशीला, हे डब्यात घालून दे. घरी निवांत खाते."

मी म्हणाले, "बाई, इथंच खा. नाही तर नको."

मोठ्यानं नाही म्हणाले. पण सात वर्षांत त्या खोलीत मी एवढं स्पष्ट वाक्य बोलले नव्हते. पार्वतीबाई म्हणाल्या, "आजच्या दिवशी तरी..." आजच्या दिवशीच! उद्या कुणाला विचारणार?

कस्तुराबाईंनी वाटी खाली ठेवली. हळू. आवाज न करता. माझ्याकडे बघितलं नाही. "गाईनं खाल्लेले पेढे मला माहीत आहेत," हे माझ्या ओठावर आलं होतं. नाही बोलले. काढून टाकलं. मग त्यांनी चमचा वाटीत ठेवला, तेवढा आवाज पुरेसा होता.

मग मी माझी वाटी घेतली. उभ्यानं, सगळ्यांसमोर, शेवटच्या चकतीपर्यंत खाल्ली. चव लागली. हे मुद्दाम लिहिते. मला वाटलं होतं लागणार नाही. लागली. बाकीच्या सहा वाट्या परत भांड्यात रिकाम्या केल्या. थर मोडले, सगळं एक झालं. सातही वाट्या हौदावर घासून पालथ्या घातल्या. भांडं उघडंच हातात धरून त्याच रस्त्यानं परत आले.

मायनं भांडं बघितलं, मग मला. पंचफुलाबाईंना हाक मारली. दोघी भांड्यातूनच खायला बसल्या. "मोडल्यालं बी गोड हाय," माय म्हणाली.

उद्या कस्तुराबाई चार्ज देणार आणि उरलेली रजा घेणार. मी वेळेवर जाणार आहे. पुढची यादी येईल तेव्हा पुन्हा 'पुडिंग' लिहिणार आहे. जिथवर यादी आहे तिथवर!

२८ डिसेंबर

सकाळी सगळे स्टाफरूममध्ये होते. कस्तुराबाईंचा उपास, डोक्यावरून न्हालेल्या, केस ओले. किल्ल्या दिल्या, रजिस्टरवर सह्या केल्या. मुंजाजी किटली घेऊन आला. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, माझा कप घेतला आणि त्याच्यासमोर धरला.

मुंजाजी थांबला.

"भर की."

त्यानं भरला. त्या उभ्यानंच प्याल्या. सगळा. "साखर कमी पडली," एवढं म्हणाल्या.

फळीवर निळ्या काठाचा एक कप उरला होता. मुंजाजीनं तो भरून माझ्यापुढं ठेवला. मी प्याले. आभार मानले नाहीत.

चहा झाल्यावर सवयीनं कप धुवायला उठले. टेबलावर एकही नव्हता. मुंजाजीनं सातही हौदावर नेले होते.