म्हातारीचं कार्ड

४ नोव्हेंबर
दिवसभर शेंगा फोडल्या. हात चिकट, वही चिकट. सेर्वा म्हातारीच्या कोकोच्या बागेत तिसऱ्या हिश्श्यावर राबतोय, पाचवं वर्ष. दर वर्षी म्हणतो, हे शेवटचं. फाट्यावरून कुमासीची गाडी गेली की वाटतं, चढावं आणि गावी निघून जावं.

६ नोव्हेंबर
सोसायटीचा सचिव ओपोकू आला होता. परदेशातले न्याय्य व्यापारवाले आमच्या कोकोला भावाशिवाय वर काही पैसे देतात. ते गावाच्या कामी लावायचं, आणि कुठल्या ते सभासदांनी ठरवायचं. यंदा दोनच कामं पुढे आहेत — गोदामाला नवं छप्पर, नाहीतर आमच्या मजूरवस्तीवर हातपंप.
मी म्हटलं, "पंपच घ्या. बाया अर्धा कोस ओढ्यावर जातात."
"तू सभासद आहेस?"
"झाडं मी राखतो."
"झाडांनाही मत नसतं," म्हणाला, आणि हसला.

७ नोव्हेंबर
बोल्गाहून, आमच्या गावाहून, बायकोचा — अपोकाचा — निरोप. "येते, पण ओढ्याचं पाणी पोराला पुन्हा पाजणार नाही." मागच्या खेपेला हगवणीनं पोर हातचं जायचं राहिलं. आठव्या दिवशी बायको परत गेली.

९ नोव्हेंबर
बिया केळीच्या पानांखाली सहा दिवस मुरायच्या असतात. मी तिसऱ्याच दिवशी पानं उचलून बघितली. शेजारचा अतुबिगा म्हणतो, "अंड्यावरच्या कोंबडीला तुझ्यापेक्षा धीर आहे, अयामगा."
करमत नाही.

१२ नोव्हेंबर
म्हातारीचे गुडघे धरलेत. सभासदाचं कार्ड माझ्या हातात दिलं. "उद्या सभेला तू जा. छपराच्या रांगेत उभा राहा. गेल्या वर्षी माझी सहा पोती भिजली."
"भाच्याला धाडा ना, आई."
"तो वाटेत ताडीला बसेल. तू सांगितलेलं करतोस."

१३ नोव्हेंबर
इथं मत म्हणजे रांग; कार्ड हातात असलं की पुरे. शाळेच्या पटांगणात डावीकडे छप्परवाले, उजवीकडे पंपवाले. मी छपराच्या शेपटाला उभा राहिलो. ओपोकू मोजायला लागला. सदतीस म्हणेपर्यंत थांबलो, मग पटांगण ओलांडून गेलो.
"अरे, ते सेर्वाचं कार्ड आहे!" कोणीतरी ओरडलं.
पंप एकोणचाळीस, छप्पर अडतीस.
आनंदात अपोकाला निरोप धाडला — ये.
म्हातारीला मीच जाऊन सांगितलं. दुसऱ्या कोणी सांगितलेलं बरं दिसलं नसतं. तिनं कार्ड पदरानं पुसलं आणि गाठीत बांधलं.

१४ नोव्हेंबर
"हंगाम संपला की जा."
"आई, वस्तीला पाणी —"
"आई म्हणू नकोस."
अपोकाला दुसरा निरोप — येऊ नको. का, ते कळवलं नाही.
पाच वर्षं जायचं म्हणत होतो. आता पाय निघत नाही.

३ फेब्रुवारी
पंप बसला. म्हातारीचा नवा माणूसही आला, आमच्याच मुलखातला. संगं बायको, पाठीला पोर. तिला दांडा जड जात होता. दोन्ही हातांनी धर, आधी चारदा नुसताच मार — मी दाखवलं. पाणी आलं. पोराला पाजता पाजता तिनं विचारलं, "दादा, तुमची माणसं कुठं असतात?"