काळी बटणं

सोमवार, ४

सगळ्यांत आधी टपकली ती पाववाली! सभा चारला, ही बया तीनलाच हजर. म्हणे, "खुर्ची मिळणार नाही." खुर्चीसाठी की बातमीसाठी, ते मला विचारा! सभा माझ्या शिवणखोलीत, कारण गल्लीत एवढी मोठी खोली कुणाची नाही. मशिनं भिंतीला सारली, तागे पलंगाखाली ढकलले.

लेक सभेला बसली. भिंगरीला शेजारी खेळायला पाठवलं. भिंगरी म्हणजे माझी नात, सात वर्षांची, एका जागी ठरेल तर शपथ! सुट्टीभर माझ्याकडे राहणार. लेक परवा कामावर जाईल, पोर इथे. मी नुसती हवेत आहे!

आरोग्य केंद्राच्या दोघी बाया आल्या. चष्म्याच्या बाईंनी विषय सरळ सांगितला, लहान मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार. पाववाली छताकडे बघू लागली. बाई म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत किती जणींना लहानपणी हे सोसावं लागलं असेल?" आम्ही एका सुरात, आमच्यात कुठलं हो! पलीकडच्या वस्तीत असेल. बाई हसल्या. "तिथल्या बायका तुमच्याकडे बोट दाखवतात!"

मग माझ्या डब्यातली बटणं मागून घेतली. प्रत्येकीला एक पांढरं, एक काळं. पडद्यामागे जायचं. लहानपणी कुणी नको तसा हात लावला असेल तर पिशवीत काळं टाकायचं, नसेल तर पांढरं. उरलेलं दुसऱ्या डब्यात. कुणी कुणाला विचारायचं नाही. मी पांढरं टाकलं.

कापायच्या टेबलावर पिशवी ओतली. मला वाटलेलं, फार तर एखादं निघेल. काळी जवळजवळ तिसरा हिस्सा!  पाववालीने ती पुन्हा मोजून पाहिली.

मंगळवार, ५

बाईंचं बोलणं डोक्यातून जात नाही. "बहुतेक वेळा माणूस ओळखीचाच असतो." "मुलाला वाटतं, आपलंच चुकलं." मोठेपणी कुणाला अंधारात झोप येत नाही, कुणाला डॉक्टरचा हातही सोसत नाही. मी विचारलं, काही गिऱ्हाइकं मापाची टेप अंगाला लावू देत नाहीत, जुना कपडा आणून देतात, ते काय? म्हणाल्या, "आजी, दर वेळी हेच कारण असेल असं नाही. पण आग्रह करू नका." आणि मी आपली ओरडते, गुदगुल्या होतात काय गं, सरळ उभी राहा!

आज रात्रीची गोष्ट लिहायची नव्हती. लिहिते.

माझा धाकटा भाऊ नोकरी संपवून शुक्रवारी येतोय, आता इथेच राहणार. जेवताना मी खुशीत म्हटलं, बरं झालं, मी मशिनवर असले की मामा भिंगरीला सांभाळेल. तुला नाही का सांभाळायचा!

लेक उठली आणि भिंगरीचे कपडे पिशवीत भरायला लागली.

"अगं, काय झालं?"

"मामा असेल तर ही इथे राहणार नाही."

"का गं?"

"आई, त्या काळ्यांतलं एक माझं होतं."

माझ्या तोंडून निघालं, मामा? अगं, तो तुला खांद्यावर घेऊन—

"म्हणूनच कधी बोलले नाही. तू हेच म्हणशील म्हणून."

बुधवार, ६

पहाटेच गेल्या दोघी. भिंगरी झोपेतच होती.

गुरुवार, ७

मशिनला हात लावला नाही.

आठवत बसले. नऊ-दहा वर्षांची झाल्यापासून लेकीने मला माप घेऊ दिलं नाही. मला वाटायचं, मिजास! दिवा लावून झोपायची, तर विजेच्या बिलावरून बोलायचे. भिंगरीला दुसऱ्या कुणाजवळ सोडत नाही, त्यावरूनही टोमणे. सगळं डोळ्यांसमोर होतं की.

आणि भाऊ? आई गेल्यावर मीच त्याला भरवलं, न्हाऊ-माखू घातलं. पोटच्या पोरासारखा. आपलेच दात, आपलेच ओठ, असं लोक म्हणतात. पण चावा बसला तो माझ्या पोरीला!

चष्म्याच्या बाईंना फोन लावला. नाव कुणाचंच घेतलं नाही. म्हणाल्या, "आधी विश्वास ठेवा, आणि तिला तसं स्पष्ट सांगा. त्या माणसाजवळ कुठलंच मूल एकटं ठेवू नका. तक्रारीचं तिला ठरवू द्या, आम्ही सोबत आहोत."

लेकीला फोन केला. म्हटलं, माझा तुझ्यावर विश्वास आहे. त्याला या घरात घेणार नाही. ती "बरं" म्हणाली. तेवढंच. पण फोन ठेवला नाही. मीही नाही ठेवला.

शुक्रवार, ८

आला. हातात ट्रंक, भिंगरीसाठी फुगे. दारातच अडवला.

"ताई, आत तर येऊ दे!"

"नाही. लेकीने मला सांगितलं."

ट्रंक खाली ठेवली त्याने. म्हणाला, "आत्ता? इतक्या वर्षांनी?"

काय सांगितलं, असं विचारलं नाही.

मी दार लावलं. कडी घातली, वर अडसरही सरकवला. तो बराच वेळ बाहेर उभा होता. पाववाली समोरून बघत होती. बघू दे.

शनिवार, ९

लेकीचा फोन. ती पोलिसांत जाणार आहे. "आई, तू येशील? तो दारात काय बोलला, ते सांगशील?"

सांगेन म्हटलं. माझाच भाऊ, माझ्याच तोंडाने.

मंगळवारी येतात दोघी, लेक आणि भिंगरी.