गॅदरिंगपर्यंत चेहरा क्लीन

९ डिसेंबर
गॅदरिंगच्या अँकरिंगसाठी सरांनी माझं नाव घेतलं. सोबत आचल. अकरावीत एवढी मुलं असताना मीच, म्हणजे आवाजात काहीतरी असणार. अडचण फक्त तोंडाची. कपाळावर सात पिंपल, हनुवटीवर तीन, आणि थंडीने गालांचे पापुद्रे निघतात. नाकावर तेल, गालावर दुष्काळ. गॅदरिंग ४ जानेवारीला. सव्वीस दिवस भरपूर झाले.

१० डिसेंबर
संकल्प: कचोरी बंद. भजी बंद. पिंपलला हात लावणं बंद.
संध्याकाळी ७. कचोरी खाल्ली. पियुषने आणली होती. रूम पार्टनरच असा घात करतो. त्याच्या तोंडावर माझ्या दुप्पट फोड आहेत, पण तो आरशात फक्त भांग पाहतो.

१५ डिसेंबर
मोर्शीला घरी. आई म्हणाली, संत्र्याची साल वाळव, वाट आणि दुधात कालवून दहा मिनिटं लाव. घरच्या टोपलीतली संत्री डागाळलेली, निस्तेज. ती कोण तोंडाला लावणार? बाबा पॅकिंग सेंटरवर संत्र्यांची प्रतवारी करतात. तिथून चकचकीत पाहून दोन डझन उचलली. चकचकीत साल, चकचकीत चेहरा. इतकं साधं लॉजिक आईला सुचलं नाही. अमरावतीला परत.

२० डिसेंबर
साल वाळली. मेसवाल्या मावशींच्या मिक्सरमधून काढली. जाड थर दिला. आग झाली, म्हणजे काम करतंय. दहाच्या जागी चाळीस मिनिटं ठेवला.

२१ डिसेंबर
पिंपल मोजणं बंद केलं. गाल लालभडक, हसलं की ओढल्यासारखे होतात. आतली घाण बाहेर पडते आहे. आणखी एक थर.

२२ डिसेंबर
घरी फोन केला. बाबा म्हणाले, "अबे, त्या मालाले मशीनीत मेण मारतात. दिल्लीले जाणारा माल हाय तो. लहानपणापासून पाहून राहिला ना बे तू?"
पाहून राहिलो, हे खरं. पण तोंडाला लावू नको, असं मला आजवर कोणीही सांगितलं नव्हतं. मागून आई हसली. सख्खी आई.

२३ डिसेंबर
प्रॅक्टिस सुरू. हे तोंड घेऊन आचलशेजारी उभं राहणं शक्य नाही. सरांना ताप सांगितला. पियुषला म्हटलं, तीन-चार दिवस माझ्या जागी उभा राहा. तो म्हणाला, "मले कुठं बोलता येते?" म्हणूनच त्याला निवडला.

२७ डिसेंबर
त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. साधं मॉइश्चरायझर आणि एक जेल दिलं. फरक पडायला आठ आठवडे लागतील म्हणाले. मी म्हटलं, माझ्याकडे आठ दिवस आहेत. त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.
रूमवर पियुष आरशासमोर माझी वाक्यं म्हणत होता. पोरगा मदत मनापासून करतो.

३१ डिसेंबर
लाली बरीच उतरली. तोंडाला रुमाल बांधून प्रॅक्टिसला गेलो. सर म्हणाले, आता पियुषलाच करू दे, त्याचं छान बसलंय. पियुष माझ्याकडे पाहत नव्हता. रूमवर आल्यावर म्हणतो, "तूच तं म्हनला होता, उभा राय म्हणून." मला फार वाईट वाटलं. ज्याला विश्वासाने जागा दिली त्याने ती ठेवूनच घेतली. आता त्याच्याशी बोलणं बंद. त्याने आणलेली कचोरीही खाल्ली नाही. अर्धी खाल्ली.

४ जानेवारी
मुद्दाम दुसऱ्या रांगेत बसलो. स्टेजच्या लाइटमध्ये पियुषचे फोड किती उठून दिसतात ते पाहायचं होतं. मला सगळे दिसले. बाकीचे हसत होते आणि टाळ्या वाजवत होते. आचलही हसत होती.
कार्यक्रम संपल्यावर ती स्वतःहून माझ्याकडे आली. म्हणाली, "तुले स्टेजची भीती वाटते म्हने?" पियुषनेच सांगितलं असणार. मी म्हटलं, भीती कसली, तोंडामुळे सोडलं.
तिने माझ्याकडे पाहिलं. नीट, चांगलं निरखून पाहिलं. मग विचारलं, "काहून, काय झालं तोंडाले?"
जुलैपासून ती माझ्या शेजारच्या बाकावर बसते.