चार बोटं वाळू

दि. ३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

डोकं वसतिगृहात नेलंस, की इथंच खुंटीवर टांगून गेलीस? विज्ञान स्पर्धेच्या त्या पाणी गाळायच्या नळकांड्याचं सगळं लिहिलंस आणि स्पर्धा कधी, तेच विसरलीस. आजीला अक्षर येत नाही, म्हणून तारीखही कळत नाही की काय?

तुझं पत्र खालच्या टेलरनं दोनदा वाचलं. एकदा माझ्यासाठी. दुसऱ्यांदा कुणासाठी, असं विचारलं तर म्हणे अक्षर लागत नव्हतं. हेही लिही म्हटलं, तर बघ कसा मुकाट लिहितोय.

मापं बोटांत लिहिलीस, बरं केलंस. चार बोटं वाळू म्हटलं की डोळ्यांपुढे येते. पण कोळसा लिंबाच्या पाण्यात भिजवायची अक्कल कुणाची? तुझी नक्की नाही. तुझ्या संघातल्या त्या मुंगीचीच असणार. केवढीशी पोरगी, पण आपल्याकडे आली होती तेव्हा न सांगता माझ्या सगळ्या सुयांत दोरा ओवून गेली. तिला जप.

माया आहे तशी घट्ट ठेव.

तुझी आजी
(हस्ते टेलर)

दि. ९ जानेवारी

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला! काल पहिल्या फेरीत समोरच्या टेबलावर दुसऱ्या शाळेची गाळणी, हुबेहूब आमची. लिंबातला कोळसासुद्धा! त्यांच्या तक्त्यावर तर चक्क ‘चार बोटं वाळू’ लिहिलेलं. परीक्षकांनी त्यांना विचारलं, सेंटिमीटर संपले का? आमच्या वहीत सगळं सेंटिमीटरमध्येच आहे.

वही मुंगीकडे असते. आता सगळे तिच्याकडेच बघतात. बाई म्हणाल्या, अठरा तारखेपर्यंत खरं सांगितलं नाहीस तर संघातून नाव काढणार, मग अंतिम फेरी आम्ही उरलेल्या दोघींनीच करायची. ती नुसती नखं खाते. मीही माझा पलंग तिच्या शेजारून हलवला. कुणावर विश्वास ठेवावा, तेच कळत नाही.

तुला मात्र बिनधास्त लिहिते. तुझ्याकडून कुठे जाणार? तुला लिहिता कुठं येतं!

कृपा असावी, आणि उत्तर लवकर.

तुझी भिंगरी

दि. १३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हेही पत्र टेलरच लिहितोय, मुद्दाम. झालं की समोरच्या औषधवाल्याकडून वाचून घेणार आहे, म्हणजे एक शब्द गळायचा नाही.

अगं, वहीत सेंटिमीटर, मग त्या तक्त्यावर बोटं कुठून उगवली? मुंगीनं चोरून दिलं असतं तर वहीतले आकडे गेले असते. बोटं तू फक्त माझ्यासाठी लिहिलीस. आणि माझ्यापर्यंत आली ती याच्या तोंडून.

याची भाची दर रविवारी इथं काजं करायला बसते. ती कुठल्या शाळेत शिकते? इथं याचा हात थांबलाय. लिही म्हणते बाबा, गळ्यात टेप अडकवून माझ्याकडे काय बघतोस! त्याच शाळेत, त्याच संघात.

म्हणतो, आजी, वाईट मनात नव्हतं, गंमत वाटली म्हणून बोलून गेलो. असेल. जीभ कात्रीसारखी चालवली आणि कापलं कुणाचं? त्या मुंगीचं नाक. म्हटलं, तेही लिही आणि खाली सही कर. माझा अंगठा, त्याची सही आणि औषधवाल्याची साक्ष, हे सगळं तुमच्या बाईंना दाखव. अठराच्या आत.

आता तू. सेंटिमीटर येतात, पण एवढं साधं गणित सुटलं नाही. पलंग हलवायला मात्र हात लगेच सरसावले. वाचून दाखवणाऱ्यालाही कान असतात, हे आपण दोघीही विसरलो. तेव्हा माफी दोघींनी मागायची. माझ्या वाटची तू माग, पलंग जागेवर नेल्यावर.

राग ओसरला की लोभ तिथंच सापडेल.

तुझी आजी

वरचं खरं आहे. भाचीला सांगणारा मीच. — टेलर

आजींना शब्दन् शब्द वाचून दाखवलं, अंगठा त्यांचाच. साक्षीदार — औषधवाला

ता. क. तुमच्याकडची ती दगडासारखी बिस्किटं पाठव, दोन पुडे. एक टेलरला, चावत बसेल तेवढा वेळ तोंड बंद राहील. पुड्यांवरचा पत्ता मात्र मुंगीच्या हातचा हवा. तुझं अक्षर मला वाचता येत नाही, पण ओळखता येतं. तुझंच दिसलं, तर बिस्किटं न उघडता परत येतील.