व्याह्यांच्या फरशीवरचा डाग

अकोला, मंगळवार, संध्याकाळ

सर्व्हिसिंगचं बिल काल अमरावतीत भरलं, खरी किंमत आज इथं कळली. व्याह्यांच्या नव्या फरशीवर परातीएवढा काळा डाग. तेल माझ्याच गाडीचं.

माधुरीला सातवा महिना, तिला माहेरी न्यायला आलोय. गेल्या आठवड्यात विहीणबाईंना फोनवर तोऱ्यात म्हटलं होतं, "आमच्या घरची लेक धक्के खात येत नसते. दारातून दारात नेतो."

शोरूमला फोन लावला. तिथला साहेब गोड आवाजात म्हणाला, "सर, भरताना थोडं सांडलं असेल. पुसून घ्या, बिनधास्त चालवा." पण माझे कान फळांच्या लिलावातल्या गोंगाटात तयार झालेले. त्याच्या मागून कोणीतरी पुटपुटलंच, "त्या गाडीच्या ऑइल चेंबरचा नट आवळाचा राह्यला काय बे?"

डाग पुसला. तासाभरात पुन्हा तेवढाच. चालवू? रस्त्यात इंजिन बसलं तर? दोन जीवांची पोरगी घेऊन ट्रकांच्या गर्दीत उभा राहू? एकटा असतो तर निघालो असतो. खरंच निघालो असतो.

व्याही चिंधी घेऊन आले. "जाऊ द्या हो, फरशीले काय होते? पोरीले मात्र त्यात बसवू नका."

माधुरी म्हणाली, "बाबा, किती वेळ त्या डागाकडे पाहून राहिले?"

पाहतोच आहे. गाडी इथंच राहील, शोरूमवाल्यांना पुन्हा फोन करून बजावलं, ते ओढून नेतील. जावयानं तिकिटं काढली. उद्या अमरावतीच्या अलीकडे बडनेऱ्यापर्यंत पॅसेंजर, तिथून घरापर्यंत ऑटो.