स्विचवरचं हेल्मेट

किटवे, १४ जून २०१९

प्रिय मामांना,

कासोंदेचा गुडघे टेकून नमस्कार. इकडे जूनची थंडी पडली आहे. आईचा पाय बरा आहे. मामींनी पाठवलेले शेंगदाणे पोचले. सोबत तुमची चिठ्ठी नव्हती, ते लक्षात आलं.

खाणीत आता कुलपं आली. खनिज वाहून नेणाऱ्या पट्ट्याखाली दुरुस्तीला शिरणारा प्रत्येक जण स्विचला स्वतःचं कुलूप लावतो. तुमच्या वेळी आठ जणांत दोनच कुलपं होती, म्हणून तुम्ही लोक स्विचवर हेल्मेट अडकवायचात. हेल्मेट आहे म्हणजे माणूस आत आहे. ही खूण कुठल्या नियमावलीत नव्हती, म्हणून माझ्या अहवालातही आली नाही. मी ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं लिहिलं आणि तुमची नोकरी गेली. त्याला चार वर्षं झाली.

गेल्या महिन्यात आम्हाला अपघात तपासायची नवी पद्धत शिकवली. एकट्या माणसाकडे बोट दाखवायचं नाही. माणूस, काम, साधनं, जागा, वरचे हुकूम, सगळं एका कागदावर मांडून रेघांनी जोडायचं. सरावासाठी मी तुमचाच अपघात घेतला. एक जागा रिकामी राहिली: त्या दिवशी स्विचवर हेल्मेट का नव्हतं?

त्या दिवशी पट्ट्यात हात सापडलेल्या मुबांगाकडे मी गेले. त्याच्या डाव्या हाताला आता दोनच बोटं आहेत. मक्याच्या घट्ट न्शिमाचं ताट माझ्यापुढे सरकवत तो म्हणाला, “बोटं गेली, डोकं शाबूत आहे, इंजिनियरबाई. हेल्मेट होतं ना.”

“तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?”

“वाटलं, तुम्ही सांगाल.”

मामा, त्या दिवशी राजधानी लुसाकाहून तपासणी यायची होती. प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट हवं, असा हुकूम होता. मुबांगा पट्ट्याखाली उघड्या डोक्याने शिरताना दिसला. स्विचवरचं हेल्मेट मी काढलं आणि त्याच्या हातात दिलं. मी साहेबीण, म्हणून तो बोलला नाही. दहा मिनिटांनी तुम्ही स्विचकडे पाहिलंत, तिथे काही नव्हतं, आणि पट्टा सुरू केलात.

खूण मला तेव्हा माहीत नव्हती. संध्याकाळी कळली. अहवाल मी दुसऱ्या दिवशी लिहिला.

सोमवारी नवा अहवाल समितीपुढे ठेवते आहे. त्यात माझं नाव आहे. माझी नोकरी राहील की नाही, सांगता येत नाही. तुम्हाला इकडे यायला बसचं तिकीट सोबत जोडलं आहे. नाही आलात तरी चालेल, असं लिहिणार होते. ते खरं नाही.

रिकाम्या जागेत जिचं नाव होतं, ती तुमची भाची,
कासोंदे